सफर, सफारी आणि दारातले रोहित

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘सफारी’ हा शब्द आपल्याकडे निरनिराळ्या वेषांत आला. आधी तो सूट होऊन आला. अर्ध्या बाह्यांचा, शर्ट-पँट एकाच कापडाची. लग्नात मुलीचा मामा घालणार आणि बँकेत मॅनेजरसाहेब. मग तो मोटारगाडी होऊन आला. आणि आता ‘आम्ही मे महिन्यात सफारीला चाललोय’ असं शेजारी म्हणाले, की आपण समजतो, स्वारी केनियाला नाहीतर टांझानियाला निघाली. मुंबईहून नैरोबी विमानाने साधारण सहा तासांवर आहे. मराठी मंडळी गटागटाने तिथे जातात, सिंह पाहतात, हत्ती पाहतात आणि कार्डं भरभरून फोटो घेऊन परत येतात.

मंडळी, हा शब्द मुळात परका नाही. स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची भाषा. तिच्या नावातच ‘साहिल’ म्हणजे किनारा आहे. अरबी व्यापारी गलबतं घेऊन त्या किनाऱ्यावर जात, तशीच ती आपल्या कोकण किनाऱ्यावरही येत. त्यांच्याबरोबर ‘सफर’ हा शब्द तिकडे गेला आणि त्याची ‘सफारी’ झाली. आपल्याकडे आला तो ‘सफर’ म्हणूनच राहिला आणि येताना ‘मुसाफिर’ या भावालाही घेऊन आला. स्वाहिलीत आजही कुणी मावशीकडे एस.टी.ने निघाला तरी ती सफारीच असते. निघताना त्याला ‘सफारी न्जेमा’ म्हणतात; म्हणजे ‘प्रवास सुखाचा होवो’. सिंह दिसलाच पाहिजे अशी अट त्यात नाही.

मग सफारीला सिंह कुठून चिकटला? तो बंदुकीबरोबर आला. युरोप-अमेरिकेतले धनिक आणि साहेबलोक शिकारीसाठी आफ्रिकेत जाऊ लागले, तेव्हा त्या मोहिमांना सफारी म्हणू लागले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये मोंबासाला उतरले. वर्षभराच्या त्या दौऱ्यात त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरं मारली. हा आकडा स्वतः रूझवेल्ट यांनीच आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे.

त्याच काळात दुसरी एक वाट निघत होती. कार्ल जॉर्ज शिलिंग्ज नावाचा जर्मन शिकारी पूर्व आफ्रिकेत बंदुकीबरोबर अवजड कॅमेरा घेऊन फिरला. रात्री पाणवठ्यावर येणाऱ्या जनावरांचे त्याने फ्लॅशच्या उजेडात फोटो काढले. १९०५ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि लोकांनी रानातलं जिवंत, बेसावध जनावर पाहिलं. आपल्या देशात फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने हेच केलं. वाघाच्या वाटेवर तार लावायची, वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेरा आपोआप चालायचा. १९२७ मध्ये त्यांचं वाघांच्या छायाचित्रांचं पुस्तक आलं. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला १९७२ मध्ये. केनियाने शिकारीवर बंदी घातली १९७७ मध्ये. बंदूक हळूहळू खाली आली आणि तिच्या जागी खांद्यावर कॅमेरा आला.

इथे मराठीतल्या एका क्रियापदाकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. ‘टिपणे’. चिमणी दाणा टिपते. शिकारी पाखरू टिपतो. आणि फोटोग्राफर क्षण टिपतो. एकाच क्रियापदात भूक आहे, हत्या आहे आणि कला आहे. म्हणून कॅमेरा हातात आला म्हणजे शिकारी वृत्ती गेली, असं समजायचं कारण नाही. मसाई माराच्या नदीकाठी विल्डबीस्ट नावाची जनावरं हजारोंनी पाणी ओलांडतात. त्या वेळी पर्यटकांच्या गाड्या काठावर इतकी दाटी करतात, की जनावरांना चढायला वाट उरत नाही. तिथे गोळी सुटत नाही, पण टिपण्याची घाई तीच असते.

आता आफ्रिकेतून घरी येऊ. केनियाला गेलेल्या आपल्या लोकांना तुम्ही विचारा, सगळ्यांत सुंदर काय पाहिलं? पुष्कळ जण नाकुरू सरोवराचं नाव घेतात. खाऱ्या पाण्याचं ते सरोवर त्याच्या गुलाबी काठासाठी जगभर प्रसिद्ध झालं. तो गुलाबी रंग रोहित पक्ष्यांचा. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. मराठीत याला अग्निपंख असंही सुरेख नाव आहे. नाकुरूचा तो फोटो दिवाणखान्यात लावणारे माझ्या ओळखीचे काही जण पाम बीच रोडवर राहतात. त्यांच्या गॅलरीतून दुर्बीण लावली, तर हाच पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत समोरच्या चिखलात चरताना दिसतो. जात तीच, रंग तोच. फक्त इथे त्याला पाहायला पासपोर्ट लागत नाही.

जगात रोहितांच्या सहा जाती आहेत. त्यांतल्या दोन आपल्याकडे येतात. मोठा रोहित उभा राहिला की चार-साडेचार फूट उंच भरतो. अंगाने पांढुरका, चोच फिकी गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित उंचीला तीन फुटांच्या आतबाहेर. अंगाने जास्त गुलाबी आणि चोच गडद, लालसर काळी. ठाणे खाडीत दिसणाऱ्या थव्यांत बहुतेक करून हा छोटा रोहित असतो. नाकुरूला प्रसिद्धी दिली तीही यानेच. जगातल्या छोट्या रोहितांपैकी बहुसंख्य पूर्व आफ्रिकेत राहतात आणि टांझानियाच्या नॅट्रॉन सरोवरात अंडी घालतात. हे सरोवर इतकं क्षारयुक्त आहे, की १९५४ मध्ये लेस्ली ब्राउन हे पक्षीतज्ज्ञ घरटी शोधायला त्याच्या चिखलातून चालत निघाले आणि त्यांचे पाय भाजून निघाले. जिथे शत्रू पोचू शकत नाही, अशी जागा हा पक्षी पिल्लांसाठी निवडतो.

आपल्या खाडीतले रोहित आफ्रिकेतून येतात, असा एक समज आहे. काही जण तर सैबेरियाचं नाव घेतात. आपले पाहुणे मुख्यतः गुजरातेतून येतात. कच्छच्या रणात रोहितांची मोठी वीण होते. सलीम अलींनी १९४५ मध्ये तिथे जाऊन ती वसाहत पाहिली आणि तिच्यावर लिहिलं. मातीचे बुटके उंचवटे, प्रत्येक उंचवट्यावर एकच अंडं, आणि असे हजारो उंचवटे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये इथल्या काही रोहितांच्या पाठीवर जीपीएसची छोटी यंत्रं बसवली. त्यांना नावंही दिली. एकाचं नाव सलीम, सलीम अलींवरून. एकाचं हुमायून, पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींवरून. आणि एकाचं चक्क ‘नवी मुंबई’. पाऊस आला की हे पक्षी गुजरातेत जातात आणि पुढच्या मोसमात परत येतात, हे त्या यंत्रांनी नकाशावर रेघ ओढून दाखवलं.

त्यांचा गुलाबी रंग जन्मजात नसतो. पिल्लू राखाडी असतं. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि बारीक जीव यांत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. गाजराला रंग देणारी तीच. ती पोटात जात राहिली की दोन-तीन वर्षांत पीस गुलाबी होतं. थव्यात काही मळकट, राखी पक्षी दिसले तर ते आजारी आहेत असं समजू नका. ती या घरातली लहान मुलं आहेत. रोहित मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतो. जीभ पंपासारखी चालते, पाणी आत-बाहेर होतं आणि चोचीच्या कडेच्या जाळीत खाणं अडकतं. आपल्या घरातली चहाची गाळणी डोळ्यांसमोर आणा; काम तसंच.

मुंबईत हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात, शिवडीच्या दलदलीत. पुढे ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर पसरले आणि त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. ते इथेच का आले, याचं उत्तर ऐकायला थोडं अवघड वाटतं. खाडीच्या एका काठाला मुंबई, दुसऱ्या काठाला ठाणे-बेलापूर पट्टा. दोन्हीकडचं सांडपाणी खाडीत येतं. त्या पाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसतं आणि त्या शेवाळावर छोटा रोहित पोसतो, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे आपण ज्याला घाण म्हणून नाक दाबतो, त्यातूनच ही गुलाबी पंगत बसते. पण याचा अर्थ सांडपाणी चांगलं, असा काढू नये. त्याच पाण्यातून कारखान्यांची रसायनंही येऊ शकतात. पंगत केव्हा उठेल, याची हमी त्या पाण्यात नाही.

राज्य सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीच्या सुमारे १७ चौरस किलोमीटर भागाला ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केलं. त्यात काही भाग कांदळवनाचा आणि काही पाण्याचा. २०२२ मध्ये या खाडीचा रामसर यादीत समावेश झाला. रामसर हे इराणमधलं गाव; १९७१ मध्ये तिथे जगभरच्या पाणथळ जागा जपण्याचा करार झाला होता. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाने किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र उभं केलं. तिथून मोसमात होडीने खाडीत नेतात. या फेरीलाही आता सफारीच म्हणतात. शब्द असा फिरून परत खाडीच्या काठाला लागला.

या सफारीची वेळ मात्र आपल्या सोयीने ठरत नाही, ती चंद्र ठरवतो. ओहोटीला खाडीतला चिखल मैलभर उघडा पडतो. पक्षी त्यावर पांगतात आणि होडी तिथवर जाऊ शकत नाही. पूर्ण भरतीला सगळा चिखल बुडतो आणि पक्षी उठून जातात. होडीला चालण्यापुरतं पाणी आहे आणि काठाचा चिखल अजून उघडा आहे, अशा मधल्या वेळेत गाठ पडते. पाणी चढू लागलं की रोहित सरकत सरकत काठाकडे येतात आणि थवे दाट होतात.

भरतीची वेळ काढायचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नवाच्या. पुनव-अवसेला बाराच्या अलीकडे. पहाटे एक आणि संध्याकाळी एक, दुपारी एक आणि रात्री एक, अशी दिवसाला दोनदा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्यापूर्वी भरतीचं कोष्टक पाहावं. पण या हिशेबाने एवढं कळतं, की द्वादशी-त्रयोदशीची सकाळ फोटोला चांगली. सूर्य अजून खाली असतो आणि पाणी चढत असतं. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. माझ्या घरात हिजरी कॅलेंडर टांगलेलं असतं, शेजारी कालनिर्णय. दोन्हींना चंद्र एकच. मी ज्या होडीत बसलो, तिचा कोळी नाखवा दोन्ही न बघता बोटांवर वेळ सांगत होता. मी घाई केली तेव्हा म्हणाला, “चाचा, पाणी भरू द्या. आपण त्यांच्याकडे नाही जायचं. पाणी त्यांना आपल्याकडे आणतंय.” निसर्गाच्या छायाचित्रणावरचा यापेक्षा नेमका धडा मी पुस्तकात वाचलेला नाही.

हौशी मंडळींसाठी काही गोष्टी सांगतो. लेन्स लांब पल्ल्याची हवी. ४०० मिलिमीटरच्या आसपासची. ती नसेल तर जवळ जाण्याचा हट्ट धरू नका. थवा, पाणी, मागचे मनोरे, विजेच्या तारा असं अख्खं चित्र घ्या. आपल्या रोहितांचं वैशिष्ट्य तेच आहे. नाकुरूच्या रोहितांमागे डोंगर आहे, आपल्या रोहितांमागे टॉवर आहेत. सूर्य पाठीशी ठेवा. पक्षी फिक्या रंगाचा आणि पाणी चकाकणारं, त्यामुळे फोटोत पिसं पांढरीफटक होऊन त्यांचा पोत हरवतो. उजेड जरा कमी घेतला तर गुलाबी रंग टिकतो. उडता पक्षी हवा असेल तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद ठेवा. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आणा. होडीत बसून फोटो काढला तर तो आपोआप येतो. उभं राहू नका. होडी हलते आणि पक्षी बिचकतात.

पक्षी बिचकला हे कळतं कसं? चरणारा रोहित मान खाली घालून असतो. एकदोघांनी माना वर काढल्या की थांबा. सगळ्यांनी माना वर केल्या आणि थवा एका बाजूला चालू लागला, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात, मागे फिरा. रोहिताला चिमणीसारखं जागच्या जागी उडता येत नाही. त्याला पाण्यावर काही पावलं धावत जाऊन हवेत उठावं लागतं. त्यात बरीच शक्ती जाते. ओहोटी सहा तासांची. तेवढ्या वेळात पोट भरायचं असतं. उडणाऱ्या थव्याचा फोटो सुंदर येतो म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड भिरकावणारे, ड्रोन सोडणारे लोक असतात. त्या फोटोची किंमत पक्ष्याने मोजलेली असते. शहाणा फोटोग्राफर पाणी चढण्याची वाट बघतो. थवा तसाही उठणारच असतो.

उठून तो जातो कुठे? मला आज जे सांगायचं आहे, ते इथे सुरू होतं.

भरतीला खाडीतला चिखल माणूसभर आणि त्याहूनही खोल पाण्याखाली जातो. तीन फुटांच्या पक्ष्याला तिथे पाय टेकता येत नाहीत. म्हणून त्याला दुसरं घर लागतं; भरतीच्या वेळी उथळ राहणारं, काठावरचं, शांत पाणी. नवी मुंबईत अशा जागा आहेत. नेरूळमधल्या टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ, सीवूड्सच्या एनआरआय संकुलालगतची पाणथळ, आणि त्याच भागातला सुमारे ३० एकरांचा डीपीएस तलाव. पलीकडच्या काठावर भांडुपला एक आहे. खाडी हे त्यांचं स्वयंपाकघर आणि या पाणथळी म्हणजे विसाव्याची ओसरी. चोवीस तासांत दोनदा भरती येते, तेव्हा दोनदा ओसरी लागते, रात्रीही लागते.

अडचण अशी, की स्वयंपाकघर अभयारण्याच्या हद्दीत आहे आणि ओसरी हद्दीबाहेर. नकाशावर त्या पाणथळी म्हणजे शहरातले रिकामे भूखंड. त्यांच्यापैकी एका भागावर गोल्फ कोर्स आणि इमारतींचा प्रस्ताव होता. नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तो प्रस्ताव रद्द ठरवला. त्यावर सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात याच पाणथळीत उतरलेल्या हजारो रोहितांचे फोटो जगभर पोचले. महापालिकेने शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणायला सुरुवात केली. चौकाचौकांत रोहितांचे पुतळे उभे राहिले, भिंतींवर चित्रं आली.

आणि मग २०२४ उजाडलं. नेरूळ जेट्टीजवळच्या एका फलकाला धडकून काही रोहित मेले. तो फलक नंतर हटवण्यात आला. डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव आटत गेला, त्यावर साय धरली. उन्हाळ्यात तिथे उतरणारे रोहित वाट चुकल्यासारखे रस्त्यांवर, वस्त्यांत पडलेले सापडले. काही जखमी, काही मेलेले. २० मे २०२४ च्या रात्री दुबईहून मुंबईला उतरणारं एक विमान घाटकोपरवर थव्याला धडकलं. सुमारे ३९ रोहित घरांच्या छपरांवर आणि गल्ल्यांत पडले. सकाळी ज्यांनी ती गुलाबी पिसं अंगणातून गोळा केली, त्यांच्यातल्या अनेकांनी हा पक्षी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला असेल.

त्या उन्हाळ्यात छायाचित्रणाने एक वेगळं काम केलं. सीवूड्सचे रहिवासी, सकाळी फिरायला जाणारी मंडळी, पक्षीनिरीक्षक यांनी आटलेल्या तलावाचे फोटो काढले. बुजलेल्या नळांचे काढले, शेवाळाच्या सायीचे काढले. तारीख, वेळ, जागा यांसह ते अधिकाऱ्यांकडे, मंत्र्यांकडे, वर्तमानपत्रांकडे पाठवले. हे फोटो सुंदर नव्हते. कोणत्याही स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळालं नसतं. पण त्यांच्यामुळे प्रश्न सरकारदरबारी पोचला, तलावात भरतीचं पाणी पुन्हा येऊ लागलं आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव फ्लेमिंगोंसाठी संवर्धन राखीव क्षेत्र करण्याला मंजुरी दिली. मंजुरी कागदावर असते, पाणी नळातून यावं लागतं. दोहोंच्या मध्ये लक्ष ठेवणारे डोळे लागतात.

म्हणून मी फोटोंचे दोन प्रकार मानतो. एक तसबिरीचा, दुसरा साक्षीचा. तसबीर भिंतीवर टांगायची. ती आपल्या आनंदासाठी. साक्ष नोंदवून ठेवायची, ती पक्ष्यासाठी. एकाच जागेवर उभं राहून दर महिन्याला एक फोटो काढा. पाणी किती, पक्षी किती, भराव कुठवर आला, एवढंच त्यात दिसू द्या. पाच वर्षांनी ते साठ फोटो कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोलतील. यासाठी लांब लेन्सही लागत नाही. खिशातला मोबाइल पुरतो.

हे मी नाकुरूचा दाखला समोर ठेवून सांगतो आहे. नाकुरू राष्ट्रीय उद्यान आहे, रामसर यादीत आहे, जगप्रसिद्ध आहे. तरीही २०१० नंतर तिथलं पाणी वाढत गेलं. रस्ते बुडाले, उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वार पाण्यात गेलं. सरोवराचा खारेपणा पातळ झाला, शेवाळ कमी झालं आणि रोहित उठून बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे गेले. जुना फोटो पाहून गेलेल्या कितीतरी प्रवाशांना काठ रिकामा दिसला. नाकुरूला पाणी जास्त झालं, सीवूड्सला कमी पडलं. पक्षी दोन्हीकडून उठला. रोहिताचं गणित बोटभर पाण्याचं आहे. पाणी त्याच्या गुडघ्याशी असावं, त्यात शेवाळ असावं आणि कुणी हाकलू नये. पूर्व आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात एक सरोवर बिघडलं तर दुसरं आहे. आपल्याकडे पाणथळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्यांच्याभोवती शहर वाढतं आहे. शिवडीच्या दलदलीवरून जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. माणसांनाही सफर करायचीच आहे, त्याला माझी हरकत नाही. पण एका मुसाफिराची वाट आखताना दुसऱ्याची ओसरी मोडू नये, एवढी रीत आपल्या गावांना माहीत होती.

केनियाला जरूर जा. मारामधला सिंह पाहा, नॅट्रॉनचं ते तापलेलं सरोवर जमलं तर पाहा. जाण्यापूर्वी एक करा. द्वादशीची सकाळ बघून ऐरोलीहून होडीत बसा किंवा नेरूळच्या काठावर मुलांना घेऊन उभे राहा. दोन रोहितांतला फरक त्यांना चोचीवरून ओळखू द्या. राखी पिल्लू शोधू द्या. पाणी चढेल, थवा उठेल आणि त्यांच्या डोक्यावरून ओसरीकडे जाईल. तेव्हा मुलांना विचारा, हे आता उतरणार कुठे? उत्तराची जागा त्यांना तिथेच, चालत जाऊन दाखवता येते. ती जागा पुढच्या वर्षीही दाखवता यावी म्हणून एक फोटो काढा. तारीख घालायला विसरू नका.